बिनपासवर्डचं, तरीही सुरक्षित: वाचनालयाच्या वाय-फायची मांडणी

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. खाली देवघेव विभाग आणि वाचनकक्ष, वर स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी ८० खुर्च्यांची अभ्यासिका. वाय-फायचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला आणि तो आता गावभर झालेला. कार्यकारिणीला पासवर्ड काढून टाकायचा आहे, पण उघड्या नेटवर्कवर मुलांची माहिती चोरीला जाईल अशी भीती आहे. कोणती यंत्रं घ्यावीत आणि मांडणी कशी करावी?

पासवर्ड काढाच. फळ्यावरच्या पासवर्डने तुमच्या मुलांचं रक्षण आजही होत नाहीये. तुमचं सध्याचं नेटवर्क बहुधा डब्ल्यूपीए-२ या सामायिक पासवर्डवर चालणाऱ्या सुरक्षा पद्धतीचं असेल. त्यात प्रत्येक फोनची एनक्रिप्शनची (म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची) किल्ली तयार होते ती सामायिक पासवर्ड आणि जोडणीच्या वेळी हवेतून उघडपणे जाणारे काही आकडे यांपासून. म्हणजे ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमचा फोन जोडला जाताना झालेली चार संदेशांची देवाणघेवाण पकडली आहे, त्याला तुमची किल्ली गणिताने काढता येते. ती देवाणघेवाण हुकली, तर खोटा 'जोडणी तोडा' संदेश पाठवून तुमचा फोन पुन्हा जोडायला भाग पाडता येतं. पासवर्ड गुप्त असेल तोवरच ही पद्धत कामाची. फळ्यावर गेला की ती फक्त नवख्या माणसाला टायपिंगचा त्रास देते.

उलट बाजूने, पासवर्ड नसलेलं साधं उघडं नेटवर्कही नको. त्यात हवेतून जाणारं सगळं नागडंच असतं. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्स ब्राउझरचं एक्स्टेन्शन आलं आणि कॅफेत बसलेल्या कुणालाही शेजाऱ्याच्या फेसबुक खात्यात एका क्लिकवर शिरता येऊ लागलं. त्यानंतर मोठ्या संकेतस्थळांनी एचटीटीपीएस (ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातला मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत) सर्रास वापरायला घेतलं, त्यामुळे आज बँकेचा पासवर्ड तसा हवेतून उचलता येत नाही. पण कोण कोणत्या संकेतस्थळावर गेलं, फोनचं नाव काय, कोणत्या जुन्या ॲपने एनक्रिप्शनशिवाय काय पाठवलं, हे उघड्या वाय-फायवर आजही दिसतं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि अभ्यासिकेतली मुलगी कोणत्या आजाराबद्दल वाचते आहे हे शेजारच्या खुर्चीवरच्याला कळणं ही लहान गोष्ट नाही.

या दोन्हींच्या मधला मार्ग २०१७ मध्ये आरएफसी ८११० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आला आणि वाय-फाय अलायन्स या यंत्रं प्रमाणित करणाऱ्या संघटनेने जून २०१८ पासून त्याला 'एनहान्स्ड ओपन' या नावाने प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. तांत्रिक नाव ओडब्ल्यूई. कल्पना साधी आहे: फोन आणि ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारं यंत्र) जोडणीच्या वेळीच डिफी-हेलमन या गणिती पद्धतीने एकमेकांची सार्वजनिक किल्ली घेतात आणि त्यातून फक्त त्या दोघांनाच माहीत असलेली किल्ली बनवतात. पासवर्ड लागत नाही, वापरणाऱ्याला काही टाईप करावं लागत नाही, आणि तरी ८० फोनांच्या ८० वेगळ्या किल्ल्या असतात. शेजाऱ्याने सगळं रेकॉर्ड केलं तरी त्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय ओडब्ल्यूईत व्यवस्थापन संदेशांचं (जोडणी जुळवणाऱ्या-तोडणाऱ्या संदेशांचं) संरक्षण सक्तीचं असल्यामुळे वर सांगितलेला खोटा 'जोडणी तोडा' संदेशही चालत नाही.

याची मर्यादा कार्यकारिणीला आधीच सांगून ठेवा. ओडब्ल्यूई चोरून ऐकणं थांबवतं, तोतया ॲक्सेस पॉइंट थांबवत नाही. कुणी तुमच्याच नावाचं दुसरं नेटवर्क समोरच्या चहाच्या टपरीवरून चालवलं, तर फोनला खरं कोणतं हे ओळखायचं साधन यात नाही. त्यावरचा उपाय पुढे येतो.

'मग डब्ल्यूपीए-३ घेऊन पासवर्ड फळ्यावर ठेवला तर?' असं विचारलं जातं. डब्ल्यूपीए-३ मध्ये पासवर्ड माहीत असला तरी दुसऱ्याची किल्ली काढता येत नाही, हे खरं. पण तोतयालाही फळ्यावरचा पासवर्ड माहीतच असणार, आणि जुने फोन जोडले जाणार नाहीत ते वेगळंच. तुमच्या कामाला ओडब्ल्यूई जास्त सोयीचं.

आता यंत्रं. ८० खुर्च्यांची अभ्यासिका म्हणजे फोन आणि लॅपटॉप मिळून ११०-१२० जोडण्या, त्यातली एका वेळी खरंच काही उतरवून घेणारी ४०-५० उपकरणं. दोन अँटेनांच्या साखळीचा वाय-फाय ६ ॲक्सेस पॉइंट अशी ३० ते ४० उपकरणं नीट सांभाळतो. खोक्यावर लिहिलेल्या '२५६ वापरकर्ते' या आकड्याकडे लक्ष देऊ नका. वर दोन आणि खाली एक असे तीन घ्या. पुस्तकांचे लोखंडी रॅक आणि जुन्या दगडी भिंती लहरी अडवतात, म्हणून यंत्रं भिंतीला न लावता छताला, रॅकच्या उंचीच्या वर, खोलीच्या मोकळ्या भागात लावा. छत पत्र्याचं असेल तर यंत्र पत्र्याच्या खालीच हवं. खोटं छत लोखंडी पट्ट्यांचं असेल तर त्याच्या वर लपवू नका.

खरेदी करताना 'एनहान्स्ड ओपन' आहे का, आणि सोबत 'ट्रान्झिशन मोड' (जुन्या फोनांनाही सामावून घेणारी सोय, तपशील पुढे) आहे का, हे दोन्ही नेमकं विचारा. 'डब्ल्यूपीए-३ सपोर्ट' या शब्दांत ओडब्ल्यूई आपोआप येत नाही, ती दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. तीन यंत्रं एकाच ठिकाणाहून चालवता येतील अशी, कंट्रोलर असलेली मालिका घ्या. ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त प्रणाली वापरणार असाल तर डब्ल्यूपीएडी या पॅकेजची पूर्ण आवृत्ती टाका, कारण काटछाट केलेल्या काही आवृत्त्यांत ओडब्ल्यूईचा पर्यायच दिसत नाही आणि माणूस तासभर मेनू धुंडाळत बसतो.

यंत्रांना वीज स्विचमधूनच (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या खोक्यातून) नेटवर्कच्या केबलने द्या. साध्या ८०२.३एएफ मानकात पोर्टला १५.४ वॅट मिळतात आणि यंत्रापर्यंत १२.९५ वॅट पोचतात. बऱ्याच वाय-फाय ६ यंत्रांना ते काठावर पडतात, म्हणून ८०२.३एटी, म्हणजे ३० वॅटचा स्विच घ्या. केबल कॅट-६, पूर्ण तांब्याची, एका टप्प्यात १०० मीटरच्या आत. बाजारात स्वस्तात मिळणारी सीसीए केबल ही आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असते. तिच्यावर डेटा चालतो, पण वीज सोडली की तार तापते, व्होल्टेज पडतं आणि ॲक्सेस पॉइंट नेमका गर्दीच्या वेळी बंद होऊन चालू होतो. ब्लेडने तार खरवडून बघा. आत चंदेरी रंग दिसला तर परत करा. तीन ॲक्सेस पॉइंट, स्विच, राऊटर आणि फायबरचं खोकं मिळून ८०-९० वॅट धरा. १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर एवढा भार सहा-आठ तास सहज ओढतो. फक्त इन्व्हर्टर वीज बदलताना जो क्षणाचा खंड पडतो, त्यात राऊटर नव्याने सुरू होऊ नये म्हणून मध्ये एक छोटा यूपीएस ठेवा.

रेडिओची मांडणी अशी करा. २.४ गिगाहर्ट्झवर फक्त १, ६ आणि ११ या वाहिन्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. वर १ आणि ११, खाली ६. ५ गिगाहर्ट्झवर रुंदी ४० मेगाहर्ट्झ, वर ३६ आणि १४९ पासून सुरू होणाऱ्या जोड्या, खाली ४४ ची. ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा मोह टाळा: एका फोनची स्पीड टेस्ट सुंदर येते आणि ५० फोनांची गाडी रखडते. २.४ ची शक्ती ५ पेक्षा ६ डीबीने तरी कमी ठेवा, नाहीतर सगळे फोन कडकडीत सिग्नल दिसणाऱ्या पण भरून गेलेल्या २.४ वरच चिकटतात. १, २, ५.५ आणि ११ मेगाबिटचे जुने वेग बंद करून किमान वेग १२ ठेवा.

नेटवर्क दोन हवीत आणि ती खरोखर वेगळी हवीत. एक लोकांसाठी, ओडब्ल्यूई. दुसरं ग्रंथपालाचा संगणक, देवघेवीचं सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि कॅमेरे यांच्यासाठी, डब्ल्यूपीए-३ आणि लांब पासवर्ड. दोघांना वेगवेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेली स्वतंत्र जाळी) द्या आणि राऊटरच्या फायरवॉलमध्ये लोकांच्या बाजूने कर्मचाऱ्यांच्या बाजूकडे जाणारं सगळं बंद करा. राऊटरचं आणि ॲक्सेस पॉइंटचं व्यवस्थापनाचं पानही लोकांच्या बाजूने उघडता कामा नये. हा नियम सर्वांत जास्त विसरला जातो: प्रिंटर अडवलेला असतो आणि राऊटरचं लॉगिन पान मात्र अभ्यासिकेतून दिसत असतं.

ओडब्ल्यूई सुरू करताना ट्रान्झिशन मोड समजून घ्या. त्यात प्रत्येक रेडिओवर दोन जोडनेटवर्कं चालतात: एक दिसणारं, साधं उघडं, दुसरं लपवलेलं, ओडब्ल्यूईचं. दिसणाऱ्याच्या बीकनमध्ये (स्वतःचं नाव जाहीर करणाऱ्या संदेशात) 'माझा सुरक्षित जोडीदार अमुक आहे' अशी खूण असते. ओडब्ल्यूई कळणारा फोन ती खूण वाचून आपोआप लपवलेल्याकडे जातो, जुना फोन उघड्यावरच राहतो. अँड्रॉइड १० पासून आणि विंडोज १० च्या '२००४' या क्रमांकाच्या (२०२० मधल्या) आवृत्तीपासून ओडब्ल्यूईची सोय आहे (फोनची चिपही तशी हवी), ॲपलच्या उपकरणांत ती नंतर आली. म्हणून सुरुवात ट्रान्झिशन मोडनेच करा.

इथे बिघडतं ते असं. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या हाताने केलेल्या मांडणीत जोडीदाराचा पत्ता प्रत्येक रेडिओसाठी वेगळा असतो. एका यंत्राची फाईल दुसऱ्यावर जशीच्या तशी चिकटवली की खूण चुकीच्या पत्त्याकडे बोट दाखवते, आणि गंमत म्हणजे जुने फोन छान जोडले जातात आणि नवेच अडकतात. दुसरी चूक: उघडं आणि ओडब्ल्यूई ही दोन जोडनेटवर्कं वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये जातात आणि अर्ध्या फोनांना इंटरनेटच मिळत नाही. दोन्ही एकाच व्हीलॅनमध्ये, एकाच नियमांखाली हवीत. तिसरं म्हणजे बीकनचा बोजा. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं, आणि ट्रान्झिशन मोडने नावं दुप्पट होतात. 'वाचनालय-वर', 'वाचनालय-खाली', 'वाचनालय-५जी' अशी नावं ठेवू नका. लोकांसाठी एकच नाव, दोन्ही मजल्यांवर, दोन्ही पट्ट्यांवर.

एनक्रिप्शननंतर महत्त्वाचं काम अलगीकरणाचं. कारण ओडब्ल्यूई हवेतला भाग झाकतं, पण ॲक्सेस पॉइंटपाशी पोचलेला संदेश तिथूनच शेजाऱ्याच्या फोनकडे वळवता येतो. कंट्रोलरमध्ये 'क्लायंट आयसोलेशन' चालू करा. मात्र अनेक यंत्रांत ते एकाच ॲक्सेस पॉइंटवरच्या फोनांपुरतंच लागू होतं, म्हणजे वरचा फोन खालच्या फोनला दिसतच राहतो. म्हणून स्विचवरही पोर्ट आयसोलेशन लावा: ॲक्सेस पॉइंटच्या तिन्ही पोर्टांना फक्त राऊटरच्या पोर्टशी बोलता यावं. कंट्रोलर वेगळं यंत्र असेल तर त्याचाही विचार करा, नाहीतर यंत्रं 'तुटलेली' दिसायला लागतील. सोबत स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग (खोटे पत्ते वाटणाऱ्याला अडवणारी सोय) आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) असेल तर तेच काम करणारं आरए गार्ड चालू करा. नाहीतर एखादा लॅपटॉप स्वतःलाच राऊटर म्हणून जाहीर करतो. एकच किल्ली सगळ्यांना सामायिक असते ती सर्वांसाठीच्या प्रसारण संदेशांची, आणि तिचा गैरवापर आतला माणूस करू शकतो. त्यासाठी प्रॉक्सी एआरपी (पत्त्यांच्या चौकशीला ॲक्सेस पॉइंटनेच उत्तर देणं) चालू ठेवा आणि मल्टिकास्ट (एकच संदेश अनेकांना पाठवणं) शक्यतो बंदच करा. अभ्यासिकेत कुणाला टीव्हीवर चित्रपट पाठवायचा नसतो.

पत्त्यांचा साठा हा आणखी एक नेहमीचा खड्डा. घरगुती राऊटरच्या /२४ जाळ्यात (हा आकडा जाळ्याचा आकार सांगतो) २५४ पत्ते असतात आणि ते बहुधा २४ तासांसाठी दिले जातात. दिवसभरात येणारी-जाणारी माणसं आणि फोनांचे बदलते यादृच्छिक मॅक पत्ते (उपकरणाची ओळख सांगणारे क्रमांक) यामुळे दुपारपर्यंत साठा संपतो. मग फोन 'जोडला, पण इंटरनेट नाही' असं दाखवतो आणि दोष कंपनीच्या लाईनला दिला जातो. /२२ जाळं घ्या, १०२२ पत्ते मिळतात. मुदत दोन तास ठेवा.

लाईन २०० मेगाबिटची पुरेल. प्रत्येक उपकरणाला उतरवण्याची मर्यादा ५ मेगाबिट ठेवा, आणि राऊटरमध्ये केक किंवा एफक्यू-कोडेल ही (सगळ्यांना बरोबरीने वाटा देणारी) रांग लावून एकूण वेग लाईनच्या ९० टक्क्यांवर बांधा. एकाने व्हिडिओ चढवायला घेतला की बाकीच्यांची सराव परीक्षा अडते, ते याने थांबतं. बाहेर जाणारं पोर्ट २५ (इथे पोर्ट म्हणजे स्विचचं भोक नव्हे, तर सेवेचा क्रमांक; २५ हा ईमेल पाठवण्याचा) बंद करा, नाहीतर एखाद्या बाधित लॅपटॉपमुळे वाचनालयाचा पत्ता स्पॅमच्या काळ्या यादीत जातो. विंडोजच्या फाईल वाटपाची पोर्ट १३५ ते १३९ आणि ४४५ हीही बंद.

आता ओळख पटवण्याचा भाग. भारतात सार्वजनिक वाय-फाय पूर्ण निनावी ठेवता येत नाही. २००८ मध्ये नवी मुंबईतल्या एका उघड्या वाय-फायचा वापर करून अहमदाबाद स्फोटांच्या वेळी ईमेल पाठवला गेला होता; फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या, आणि तेव्हापासून मोबाइलवर ओटीपी ही रूढ पद्धत झाली. ओटीपी म्हणजे सुरक्षितता नव्हे, ती फक्त नोंद आहे. उघड्या नेटवर्कवर ओटीपी लावणारे पुष्कळ आहेत, आणि हवेतलं सगळं तिथे तितकंच उघडं असतं. ओडब्ल्यूई आणि ओटीपीचं पान एकत्र व्यवस्थित चालतात: एक झाकतं, दुसरं ओळखतं.

ओटीपीची यंत्रणा स्वतः उभारू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एसएमएससाठी डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या व्यावसायिक एसएमएस नोंदणीच्या मंचावर) संस्था, शीर्षक आणि मजकूर यांची नोंदणी करावी लागते, आणि मुलांच्या मोबाइल क्रमांकांचा साठा सांभाळण्याची जबाबदारी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याखाली तुमच्यावर येते. त्याऐवजी पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना बघा. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत वाचनालय 'पब्लिक डेटा ऑफिस' होतं, जुन्या पीसीओसारखं. त्याला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. ओळख पटवणं ॲपवाला करतो, हिशेब आणि खात्री 'ॲग्रिगेटर' करतो, आणि मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेकडे असते. दूरसंचार नियामक ट्रायच्या जून २०२५ च्या आदेशानुसार २०० मेगाबिटपर्यंतची घरगुती फायबर योजना अशा केंद्राला घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दराने मिळायला हवी. साधी घरगुती जोडणी गुपचूप लोकांना वाटण्यापेक्षा हा सरळ रस्ता आहे. ॲग्रिगेटरशी करार करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: तुमच्या यंत्रावर ओडब्ल्यूई चालतं का, आणि नोंदी कोण, किती काळ ठेवणार.

तुमच्याकडे ज्या नोंदी राहतील त्यांची घडी अशी: कोणत्या वेळी कोणत्या उपकरणाला आतला कोणता पत्ता दिला आणि बाहेर जाताना कोणतं पोर्ट वापरलं. चौकशी येते ती बाहेरचा पत्ता, पोर्ट आणि वेळ यांवर, त्यामुळे पोर्टाशिवायची नोंद निरुपयोगी. राऊटरचं घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळ-सर्व्हरशी जुळवा आणि नोंदी १८० दिवस देशातच ठेवा. सायबर सुरक्षेची सरकारी यंत्रणा सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत या दोन्ही गोष्टी आहेत. कोण काय वाचत होतं ही नोंद मात्र ठेवू नका. ती मागितलेली नाही आणि वाचनालयाने ती ठेवणं योग्यही नाही.

लॉगिनचं पान उघडत नाही ही तक्रार येणारच. फोन जोडला गेल्यावर ॲपल, गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावर इंटरनेट आहे का ते तपासतो आणि वेगळं उत्तर आलं की पान दाखवतो. कुणी 'सोयीसाठी' हे पत्ते आधीच मोकळे करून ठेवले, तर फोनला सगळं आलबेल वाटतं आणि पान कधीच उघडत नाही. पानाला खऱ्या नावाचं, वैध डिजिटल प्रमाणपत्र (संकेतस्थळाची ओळख पटवणारं) हवं. लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं असेल तर नूतनीकरण आपोआप होतंय ना हे बघा. राऊटरला जमत असेल तर डीएचसीपीच्या ११४ क्रमांकाच्या पर्यायातून पानाचा पत्ता थेट कळवा. आणि एचटीटीपीएस संकेतस्थळं अडवून आपल्या पानाकडे वळवण्याचा प्रयत्न करू नका: त्याने फक्त भीतिदायक इशारे येतात आणि लोकांना इशारे ओलांडायची सवय लागते.

राहिला तोतयाचा प्रश्न. त्याचं पक्कं उत्तर पासपॉइंट. यात सभासदाच्या फोनमध्ये एकदाच एक प्रोफाइल बसवतात. त्यात त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र आणि सर्व्हरचं नाव असतं. पुढे फोन आपोआप जोडला जातो, पण आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासून. खोट्याकडे ते नसतं, म्हणून जोडणीच होत नाही. महाविद्यालयांतलं एज्युरोम हे सामायिक वाय-फाय सर्व्हरची खात्री याच रीतीने करून घेतं; भारतात ते अर्नेट ही शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं सांभाळणारी सरकारी संस्था चालवते. यासाठी फ्रीरेडियस या ओळख तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक छोटा सर्व्हर आणि प्रमाणपत्रांची शिस्त लागते. सर्व्हरचं प्रमाणपत्र ज्या मूळ संस्थेचं आहे ती मध्येच बदलली, तर सगळ्यांचे फोन एका सकाळी तुटतात. फोन हरवला तर फक्त त्याचं प्रमाणपत्र रद्द करावं लागतं. पण हे दुसऱ्या टप्प्याचं काम. पहिले तीन-चार महिने ओडब्ल्यूई स्थिर होऊ द्या, मग कायमच्या सभासदांसाठी पासपॉइंट आणा.

सुरू करण्याआधी चार चाचण्या घ्या. एक, अँड्रॉइडवर नेटवर्कच्या तपशिलात सुरक्षेपुढे 'एनहान्स्ड ओपन' दिसतं का. दोन, मॉनिटर मोड (हवेतले सगळे संदेश ऐकण्याची सोय) असलेल्या लॅपटॉपवर वायरशार्क या सॉफ्टवेअरने तुमच्याच फोनचे संदेश पकडा. डेटाच्या प्रत्येक फ्रेमवर 'प्रोटेक्टेड' खूण हवी. तीन, वरच्या फोनवरून खालच्या फोनला पिंग करा (उत्तर मागणारा चाचणी संदेश पाठवा). उत्तर येता कामा नये. चार, लोकांच्या नेटवर्कवरून राऊटरचं, प्रिंटरचं आणि कॅमेऱ्याचं पान उघडून बघा. तिसरी आणि चौथी चाचणी फर्मवेअर अद्ययावत केल्यावर दर वेळी पुन्हा घ्या, कारण अलगीकरणाची खूण अद्ययावत करताना गळून पडू शकते.

कंट्रोलरमध्ये दर महिन्याला बघा, उघड्या जोडीदारावर किती उपकरणं राहिली आहेत. ट्रान्झिशन मोड असेपर्यंत एखादा हल्लेखोर नव्या फोनलाही उघड्याकडे ढकलू शकतो, म्हणून जुनी उपकरणं मूठभर उरली की उघडं नाव बंद करा आणि ओडब्ल्यूईचं नाव दिसतं ठेवा. ते करण्याआधी पंधरा दिवस सूचना लावा, आणि ज्यांचा फोन जोडला जाणार नाही त्यांच्यासाठी केबलची दोन टेबलं राखून ठेवा.

फळ्यावर आता पासवर्डच्या जागी हे लिहा: नेटवर्कचं नेमकं नाव, क्यूआर कोड (प्रकार 'पासवर्ड नाही'), आणि खाली एक ओळ, 'या नेटवर्कवर तुमचा आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील कधीही मागितला जात नाही, आणि ॲप स्टोअरच्या बाहेरून कोणतंही ॲप उतरवायला सांगितलं जात नाही; तसं पान दिसलं तर लगेच ग्रंथपालांना दाखवा.'